पान रिकामे का दिसले? : जीनोम ब्राउझरच्या सेशन फाइलविषयी

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात जामसांवलीजवळच्या एका शाळेतून मला बोलावणे आले. विषय होता सिकलसेल. मी मूळचा याच सौंसर भागातला. आता नागपूरला जीवशास्त्र शिकवतो. त्यामुळे गावाकडच्या मुलांसमोर बोलायचे म्हटल्यावर तयारी जरा जास्तच केली. नुसती आकृती दाखवण्यापेक्षा माणसाच्या जीनोममधले ते एक बदललेले अक्षर मुलांना पडद्यावर प्रत्यक्ष दाखवावे, असे ठरवले. त्यासाठी जीनोम ब्राउझर नावाचे सॉफ्टवेअर वापरतात. घरच्या संगणकावर सगळे ट्रॅक लावले, रंग नीट केले, मांडणी 'सेशन फाइल' म्हणून जतन केली आणि पेन ड्राइव्ह खिशात टाकून निघालो.

शाळेच्या संगणकावर ती फाइल उघडताच सूचना आली की नमूद केलेली फाइल सापडत नाही. मुले वाट पाहत होती. मी घाईने पेन ड्राइव्हमधली मूळ फाइल हातानेच लावली आणि शोधचौकटीत जनुकाचे नाव टाकले. पडदा जनुकाच्या जागी गेला, पण खाली कोरा राहिला. चुकीची कोणतीही सूचना नव्हती, लाल अक्षरे नव्हती. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, इथं तं काहीच दिसून नाही राह्यलं. म्हणजे ह्या माणसाले सिकल नाही?"

तो नमुना सिकलसेलच्या वाहकाचा होता, हे मला ठाऊक होते. तरीही पडदा 'नाही' म्हणत होता. त्या मुलीच्या घरात हा आजार आहे, हे मला मुख्याध्यापकांनी नंतर सांगितले. त्या दिवशी काय चुकले, ते मी पुढे शोधून काढले. हा लेख त्या शोधाचा आहे. लेखक, शिक्षक आणि विद्यार्थी यांना यातले तंत्र कदाचित कधी लागणारही नाही. पण 'न दिसणे' आणि 'नसणे' यांतला फरक सर्वांनाच लागतो.

एका अक्षराचा आजार

मानवी जीनोम सुमारे ३०० कोटी अक्षरांचा आहे. अक्षरे चारच : ए, सी, जी आणि टी. अकराव्या गुणसूत्रावर एचबीबी नावाचे एक जनुक आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिनचा एक भाग कसा घडवायचा, याची कृती त्यात लिहिलेली असते. त्यातले एक अक्षर बदलले की प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. मग प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. आईवडील दोघांकडूनही बदललेली प्रत आली तर आजार होतो. एकाकडूनच आली तर माणूस वाहक असतो आणि सहसा धडधाकट असतो. दोन वाहकांचे लग्न झाले, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

हा विषय आपल्याकडे परका नाही. नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी 'लॅन्सेट' या नियतकालिकात १९५८ सालीच लिहिले होते. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोल येथून झाला. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. गावातल्या तपासणीसाठी जीनोम वाचावा लागत नाही. विद्राव्यता चाचणी आणि त्यानंतर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी यांवरच निदान होते. जीनोम ब्राउझर येथे शिकवण्यासाठी आणि संशोधनासाठी आहे.

ब्राउझर म्हणजे वाचनपीठ

जीनोम ब्राउझर हे एक वाचनपीठ समजावे. वरच्या बाजूला अक्षरांच्या क्रमांकांची मोजपट्टी असते. तिच्याखाली आडवे पट्टे असतात, त्यांना ट्रॅक म्हणतात. एका पट्ट्यावर जनुके कुठे आहेत ते दिसते, दुसऱ्यावर एखाद्या व्यक्तीच्या डीएनएचे वाचलेले तुकडे, तिसऱ्यावर त्यांत सापडलेले बदल. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता क्रूझ येथील शाखेचा 'यूसीएससी जीनोम ब्राउझर' २००० सालापासून इंटरनेटवर आहे. ब्रॉड इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेला 'आयजीव्ही' आपल्या संगणकावर बसवता येतो. त्याची माहिती देणारा लेख २०११ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही शिक्षकांना विनामूल्य वापरता येतात. मी शाळेत आयजीव्ही नेला होता.

आयजीव्हीमध्ये वाचलेले तुकडे राखाडी पट्ट्यांसारखे एकाखाली एक रचलेले दिसतात. तुकड्यातले अक्षर संदर्भ जीनोमशी जुळत असेल तर तिथे रंग नसतो. जुळत नसेल तर तेवढेच अक्षर रंगात उठून दिसते. 'ए' हिरव्या रंगात येतो. वाहकाच्या नमुन्यात सिकलच्या जागी साधारण निम्म्या तुकड्यांत हिरवी खूण दिसते, कारण त्याच्याकडे एक प्रत बदललेली आणि एक मूळची असते. मुलांना नेमके हेच दाखवायचे होते.

येथे शिक्षकांचा एक गोंधळ हमखास होतो. बारावीच्या पुस्तकात हा बदल जीएजीचा जीयूजी असा दिलेला असतो. आरएनएमधला यू म्हणजे डीएनएमधला टी, तेव्हा जनुकाच्या भाषेत ए जाऊन टी येतो. पडद्यावर मात्र टी जाऊन ए आलेला दिसतो. दोन्ही बरोबर आहेत. डीएनएचे धागे दोन. ब्राउझर नेहमी एकाच ठरलेल्या धाग्याची अक्षरे दाखवतो आणि एचबीबी जनुक समोरच्या धाग्यावर, उलट दिशेने लिहिलेले आहे. एका धाग्यावर ए असेल तर समोर टी असतो. हे आधी सांगितले नाही, तर पुस्तक चुकले की पडदा, असा प्रश्न हुशार मूल विचारणारच.

सेशन फाइलमध्ये काय असते

आता मूळ विषयाकडे येऊ. पट्टे लावणे, त्यांची उंची आणि रंग ठरवणे, नेमक्या जागी जाऊन थांबणे, याला अर्धा तास सहज लागतो. दर वेळी हे करायला नको म्हणून ती मांडणी जतन करतात. तीच सेशन फाइल. 'सेशन'ला मराठीत 'सत्र' म्हणावे तर परीक्षा आठवते, 'बैठक' म्हणावे तर गाणे आठवते. काम पाहिले तर 'मांडणी' हा शब्द सर्वांत जवळचा वाटतो. पण वर्गात सगळे सेशन फाइलच म्हणतात, म्हणून मीही तेच वापरतो.

आयजीव्हीची सेशन फाइल साध्या मजकुराची असते. कोणत्याही टिपण-सॉफ्टवेअरमध्ये ती उघडून वाचता येते. तिच्या आरंभी संदर्भ जीनोमचे नाव असते आणि पडदा कोणत्या जागेवर थांबला होता त्याचा पत्ता असतो. मग 'रिसोर्सेस' या शीर्षकाखाली प्रत्येक फाइल कुठे ठेवली आहे त्याची वाट लिहिलेली असते. त्यानंतर कोणता पट्टा कोणत्या क्रमाने, किती उंचीचा, कोणत्या रंगाचा, याच्या नोंदी येतात.

तिच्यात काय नसते, हे अधिक महत्त्वाचे. डीएनएचे तुकडे तिच्यात नसतात. बदलांची यादीही नसते. संपूर्ण जीनोमच्या वाचनाची फाइल कित्येक गिगाबाइटची असते, तर सेशन फाइल काही किलोबाइटची. 'अमक्या कपाटातले तमके पुस्तक, अमुक आवृत्ती, अमुक पान' असे लिहिलेली ती चिठ्ठी असते. चिठ्ठी दिली म्हणजे पुस्तक दिले असे होत नाही. मी शाळेत चिठ्ठी नेली होती. पुस्तकही नेले होते, पण चिठ्ठीत त्याची जागा माझ्या घरातली लिहिलेली होती.

पहिली चूक : वाटेची

फाइलची वाट दोन प्रकारे लिहिता येते. एक पूर्ण वाट : सी ड्राइव्ह, त्यात माझ्या नावाचे खाते, त्यात डेस्कटॉप, त्यात 'सिकल' नावाचे फोल्डर. ही वाट फक्त माझ्या संगणकावर खरी आहे. दुसरी सापेक्ष वाट : 'ही सेशन फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे, त्यातच पाहा.' कुणी गावाचे, गल्लीचे आणि घराचे नाव सांगतो, तर कुणी 'शेजारच्याच घरात' म्हणतो. बिऱ्हाड हलवले की पहिला पत्ता खोटा ठरतो. दोन्ही घरे एकत्र हलली, तर दुसरा टिकतो.

आयजीव्हीच्या प्रेफरन्सेसमध्ये सेशन फाइलसाठी सापेक्ष वाटा वापरण्याचा पर्याय असतो. मी तो निवडला नव्हता, म्हणून शाळेत सेशन उघडली नाही. ही चूक ओरडून सांगणारी असते. फाइल सापडत नाही असे सॉफ्टवेअर स्वतःच बोलते, आणि अशा चुकीने फारसे नुकसान होत नाही.

दुसरी चूक : आवृत्तीची

दुसरी चूक मात्र गप्प राहते. तिच्यासाठी संदर्भ जीनोमच्या आवृत्त्या समजून घ्याव्या लागतील. मानवी जीनोमची संदर्भप्रत वेळोवेळी सुधारली जाते. २००९ सालच्या प्रतीला ब्राउझरमध्ये एचजी १९ म्हणतात, २०१३ सालच्या प्रतीला एचजी ३८. नव्या प्रतीत कुठे गाळलेला मजकूर भरला गेला, कुठे चुकीची जोड काढली गेली, त्यामुळे पुढच्या अक्षरांचे क्रमांक सरकले. सिकलच्या अक्षराचा पत्ता एचजी १९ मध्ये अकराव्या गुणसूत्रावर ५२,४८,२३२ असा आहे, तर एचजी ३८ मध्ये ५२,२७,००२. फरक २१,२३० अक्षरांचा. माणूस तोच, जनुक तेच, अक्षर तेच. फक्त क्रमांक बदलला.

आपल्या भागाला हे समजायला जड जाऊ नये. १९५६ पूर्वी आपल्या राज्याची राजधानी नागपूर होती, मग भोपाळ झाली. जामसांवलीचा पत्ता परवापरवापर्यंत 'जिल्हा छिंदवाडा' असा लिहीत. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला आणि पत्ता बदलला. मारुतिराय जिथे पहुडले आहेत तिथेच आहेत, जाम नदीही होती तिथूनच वाहते. पण जुन्या यादीत 'पांढुर्णा जिल्हा' शोधला, तर जामसांवली सापडणार नाही. त्यावरून जामसांवली नावाचे गावच नाही असे कुणी म्हणाले, तर आपण हसू.

साहित्याच्या अभ्यासकांना दुसरे उदाहरण जवळचे वाटेल. राजवाडे यांनी प्रसिद्ध केलेली ज्ञानेश्वरीची प्रत आणि घरोघरी वाचली जाणारी प्रत यांतल्या ओव्यांचे क्रमांक सगळीकडे जुळत नाहीत. म्हणून संदर्भ देताना आपण अध्याय आणि ओवी लिहून थांबत नाही, प्रतही सांगतो. जीनोमचा पत्ता सांगतानाही आवृत्ती सांगितल्याशिवाय तो पुरा होत नाही.

शाळेत काय झाले ते आता सांगता येईल. मी वापरलेला नमुना '१००० जीनोम्स' या खुल्या प्रकल्पातला होता. या प्रकल्पाने २६ लोकसमूहांतील २,५०४ व्यक्तींचे जीनोम सर्वांसाठी खुले केले. त्यातल्या कित्येकांची वाचने जुन्या प्रतीवर बसवलेलीही मिळतात आणि नंतर नव्या प्रतीवर बसवलेलीही. मी उतरवलेला तुकडा जुन्या प्रतीचा होता, आणि आकार लहान राहावा म्हणून त्यात फक्त एचबीबी जनुकापुरताच भाग कापून घेतला होता. घरच्या सेशन फाइलमध्ये एचजी १९ अशी नोंद होती, म्हणून घरी सगळे बरोबर दिसत होते. शाळेत सेशन उघडली नाही, मी फाइल हाताने लावली, आणि तिथल्या आयजीव्हीमध्ये एचजी ३८ निवडलेले होते. जनुकाचे नाव टाकताच ब्राउझर नव्या पत्त्यावर गेला. माझी अक्षरे २१ हजार घरे पलीकडे, जुन्या पत्त्यावर बसली होती. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने कोणतीही चूक झालेली नव्हती. त्या जागी दाखवण्यासारखे काही नव्हते, म्हणून त्याने कोरे पान दाखवले.

सेशन फाइल केवळ वेळ वाचवण्यासाठी नसते, हे मला त्या दिवशी उमगले. कोणती प्रत समोर ठेवून हे वाचायचे, ही नोंद ती सांभाळते. ती हरवली तेव्हा मांडणी गेली आणि तिच्याबरोबर अर्थही गेला.

मांडणी करताना

पुढे मी स्वतःसाठी एक क्रम ठरवला. ज्यांना वर्गासाठी किंवा प्रबंधासाठी अशी मांडणी करायची आहे, त्यांना तो उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, फोल्डर एकच ठेवावे. वाचलेल्या तुकड्यांची बॅम फाइल आणि तिची सूची म्हणजे इंडेक्स फाइल, या दोन्ही त्यात हव्यात. सूची नसेल तर आयजीव्ही बॅम फाइल वाचू शकत नाही. संपूर्ण फाइल नेण्याची गरज नाही. सॅमटूल्ससारख्या साधनाने हवा तेवढा भाग कापून घेता येतो आणि तो एखाद्या छायाचित्राएवढ्या जागेत मावतो. जनुकाच्या दोन्ही बाजूंचा बराच भाग सोबत ठेवावा, म्हणजे चुकीच्या जागी गेलो तरी काहीतरी विचित्र दिसेल आणि चूक लक्षात येईल.

दुसरी, आधी संदर्भ जीनोम निवडावा आणि मग फाइल लावावी. फाइल कोणत्या प्रतीवर बसवली आहे हे तिच्या शीर्षभागात बहुधा लिहिलेले असते. अंदाजाने निवडू नये.

तिसरी, पट्ट्यांना माणसांनी वाचावीत अशी नावे द्यावीत. 'नमुना १ : वाहक' हे नाव वीस अक्षरी सांकेतिक क्रमांकापेक्षा वर्गात अधिक कामाचे. फोल्डर आणि फाइल यांची नावे मात्र रोमन अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता ठेवलेली बरी. देवनागरी नावांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर जाताना मला त्रास दिला आहे.

चौथी, सापेक्ष वाटांचा पर्याय निवडून मगच सेशन त्याच फोल्डरमध्ये जतन करावी. सेशन फाइलच्या नावात जनुक, जीनोमची आवृत्ती आणि तारीख या तिन्ही गोष्टी असाव्यात.

पाचवी, परीक्षा. आयजीव्ही बंद करावे, अख्खे फोल्डर दुसऱ्या संगणकावर न्यावे आणि तिथे सेशन उघडून पाहावी. स्वतःच्याच संगणकावर तपासणे म्हणजे आपलेच लेखन आपणच तपासण्यासारखे आहे. डोळा चूक ओलांडून पुढे जातो. शाळेत इंटरनेट भरवशाचे नसेल, तर संदर्भ जीनोमही आधी उतरवून ठेवावा.

सहावी, जोडीला चार ओळींचे टिपण मराठीत लिहावे : नमुना कुठला, प्रत कोणती, कुठे पाहायचे, काय दिसायला हवे. शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची. काय दिसायला हवे हे आधी लिहिलेले असेल, तर कोरे पान कुणाला फसवू शकत नाही.

इंटरनेटवरच्या ब्राउझरमध्ये आणखी थोडी काळजी लागते. आयजीव्हीच्या वेब आवृत्तीत आपल्या संगणकातली फाइल लावली, तर जतन केलेल्या सेशनमधून ती पुन्हा आपोआप उघडत नाही. तिथे इंटरनेटवर ठेवलेल्याच फाइल चालतात. यूसीएससीवर आपण चढवलेला पट्टा सेशनमध्ये जतन केला नाही, तर शेवटच्या वापरानंतर ४८ तासांनी तो काढून टाकला जातो. आणि सेशनचा दुवा ज्याच्या हाती पडेल तो सगळे पाहू शकतो, म्हणून खऱ्या रुग्णाची माहिती अशा सेशनमध्ये कधीही ठेवू नये. जीनोम एकट्या माणसाचा नसतो. त्यात त्याचे आईवडील, भावंडे आणि मुलेही असतात. गावात हे विशेष जपावे लागते, कारण तिथे नाव झाकले तरी घर ओळखू येते.

जाता जाता आणखी एक नोंद. '१००० जीनोम्स'मध्ये दक्षिण आशियातले गुजराती, तेलुगू, पंजाबी, बंगाली आणि श्रीलंकेतले तमिळ असे पाच समूह आहेत, मराठी भाषकांचा नाही. म्हणून आमच्या मुलांना दाखवलेला वाहक आफ्रिकी वंशाचा होता. अक्षर मात्र तेच, जे आपल्या गावांतही बदललेले सापडते.

पुन्हा त्याच वर्गात

महिनाभराने मी पुन्हा गेलो. या वेळी नव्या प्रतीवर बसवलेला नमुना घेतला होता. फोल्डर मुख्याध्यापकांकडे आदल्या दिवशीच पाठवले होते आणि त्यांनी ते स्वतः उघडून पाहिले होते. सेशन उघडली. जनुकाची पट्टी आली, तिच्याखाली राखाडी तुकडे आले आणि मधोमध हिरव्या खुणांचा उभा स्तंभ दिसला. मुलांनी तुकडे मोजले. साधारण निम्मे हिरवे, निम्मे बिनखुणेचे.

मग मी मागच्या वेळचे कोरे पान मुद्दाम पुन्हा उघडले आणि असे का दिसले असेल ते मुलांनाच विचारले. या मुलांच्या घरी मराठी, शाळेत हिंदी आणि संगणकात इंग्रजी. तरी उत्तर घरच्या भाषेत आले. मागच्या बाकावरची तीच मुलगी म्हणाली, "सर, पत्ता जुना असन."

मी तिला आणखी एक विचारले : पान कोरे दिसले तर काय म्हणायचे? ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "नाही म्हणाचं नाही. पाह्यलं नाही म्हणाचं."

ते वाक्य मी फळ्यावर लिहून घेतले. आता सेशन फाइलसोबतच्या माझ्या टिपणाची पहिली ओळ तीच असते.